आधी माणूस, मग व्यसन : चार दशकांचा मागोवा

१९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत मुंबईत गर्द, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, आलं आणि बघता बघता पुण्यापर्यंत पोचलं. पन्नीवर भुरकट पूड टाकायची, खालून काडी पेटवून धरायची आणि वर येणारा धूर नळीनं आत ओढायचा. तोवर दारू, गांजा, अफू ही व्यसनं लोकांच्या परिचयाची होती. गर्दनं मात्र घरंच्या घरं हादरली. कॉलेजात जाणारा, नुकताच नोकरीला लागलेला मुलगा काही महिन्यांत ओळखू येईनासा व्हायचा. वेळेवर पूड मिळाली नाही की ‘टर्की’ लागायची. हाडं ठणकायची, नाकाडोळ्यांतून पाणी वाहायचं, जुलाब व्हायचे, रात्रभर डोळ्याला डोळा लागायचा नाही. हा त्रास थांबवायला पुन्हा तीच पूड. आईबाप त्याला घेऊन दवाखान्यांचे उंबरे झिजवायचे आणि बहुतेक ठिकाणी उपचाराआधी उपदेश ऐकून परत यायचे.

त्याच सुमारास देशाचा कायदा कडक झाला. १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजेच एनडीपीएस, लागू झाला. त्यानं विक्री आणि तस्करीबरोबर सेवनही गुन्हा ठरवलं. उपचाराची वाट कायद्यानं अगदीच बंद केली नव्हती. स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देणारं कलम ६४अ पुढे त्यात आलं. पण घराघरांत पोचली ती फक्त शिक्षेची भीती. ज्याला डॉक्टरची सर्वाधिक गरज, तोच डॉक्टरपासून लपू लागला.

अशा काळात, २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण सुरू झालं. डॉ. अनिता अवचट, म्हणजे सुनंदाताई, येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांचे पती अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यातल्या मुलांवर लेखन केलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि उपचारकेंद्रासाठी पैसा द्यायला पुढे आले. मनोरुग्णालयाच्याच आवारात केंद्र उभं राहिलं.

मुक्तांगणचं वेगळेपण सुनंदाताईंच्या वागण्यात होतं. समोर आलेला मुलगा घरातले दागिने विकून आलेला असो की बापावर हात उगारून, त्यांच्या लेखी तो आधी पेशंट होता. मारहाण नाही, बांधून ठेवणं नाही, अपमान नाही. शरीरातलं विष उतरेपर्यंत औषधं, मग योग, प्रार्थना, कामं, गटातल्या गप्पा आणि समुपदेशन. पेशंट त्यांना ‘मॅडम’ म्हणत आणि अनिल अवचटांना ‘बाबा’. व्यसनातून बाहेर पडलेले पेशंटच पुढे तिथे समुपदेशक झाले, कार्यकर्ते झाले. नव्यानं दाखल झालेल्याला टर्कीत तळमळताना पाहून जो शेजारी बसतो, तो स्वतः त्यातून गेलेला असतो. त्याला खोटं सांगून चालत नाही आणि त्याच्यासमोर लाजायचंही कारण उरत नाही. तिथे व्यसनमुक्तीचे वाढदिवस साजरे होतात. वर्षभर व्यसनापासून दूर राहिलेला माणूस आई-बायकोसमोर उभा राहतो आणि भरलेल्या सभागृहाच्या टाळ्या घेतो. एरवी ज्याच्या नावानं नातेवाईक तोंड फिरवत, त्याचं असं कौतुक होणं हा उपचाराचाच भाग आहे.

पेशंटच्या बायकांचं दुखणंही मुक्तांगणनं ओळखलं. त्यांच्यासाठी ‘सहचरी’ हा गट झाला. व्यसन करणाऱ्या बायकांचं दुखणं त्याहून झाकलेलं असतं. नवरा पितो हे शेजारणीला सांगता येतं, सून पिते हे सख्ख्या बहिणीलाही सांगितलं जात नाही. त्यांच्यासाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग उघडायला २००९ साल उजाडलं. एवढ्या जाणत्या संस्थेलाही तेवीस वर्षं लागली, यावरून बाकी समाजाची कल्पना करावी. १९९७ मध्ये सुनंदाताई गेल्या, २७ जानेवारी २०२२ रोजी अनिल अवचट गेले. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर आज हे काम पुढे नेते आहे.

मुंबईत मुक्तांगणच्याही आधी, १९८१ साली, फादर जो परेरा यांनी वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात कृपा फाउंडेशन सुरू केलं होतं. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या गटाची बारा पायऱ्यांची वाट आणि अय्यंगार योग यांची तिथे सांगड घातली गेली. मी म्हैसूरच्या गोकुलममध्ये राहते. इथल्या गल्ल्यांत योग शिकायला जगभरातून माणसं येतात आणि श्वासाबद्दल, शरीराबद्दल तासन् तास मोकळेपणानं बोलतात. पण इथल्याच एखाद्या घरात मुलगा इंजेक्शन घेत असेल, तर ते घर दाराला कडी लावून गप्प बसतं. योग वांद्र्याच्या चर्चच्या आवारात दारुड्यांसाठी आणि गर्दुल्ल्यांसाठी चार दशकांपूर्वी अंथरला गेला, ही गोष्ट मला म्हणूनच मोठी वाटते.

नव्वदच्या दशकात प्रश्नाला नवं वळण लागलं. मणिपूरमध्ये हेरॉइन टोचून घेणाऱ्या तरुणांत एचआयव्ही झपाट्यानं पसरला. एकाच सुईनं तिघा-चौघांनी टोचून घेणं हे त्याचं कारण. आता व्यसन सुटेपर्यंत वाट पाहणं म्हणजे माणूस मरू देणं होतं. १९९५ साली मुंबईत एल्ड्रेड टेलिस यांनी संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट सुरू केला. फूटपाथवर आणि रेल्वे रुळांकडेला राहणाऱ्या, कोणतंही केंद्र दाखल करून घेणार नाही अशा लोकांपर्यंत संकल्पची माणसं गेली. जखमा धुतल्या, मलमपट्टी केली, वापरलेली सुई घेऊन नवी दिली. ‘सोडशील तरच उपचार’ ही अट त्यांनी काढून टाकली.

हे तेव्हाही अनेकांना पटलं नाही आणि आजही पटत नाही. सुई देणं म्हणजे व्यसनाला खतपाणी, असं म्हटलं जातं. पण जगभरचा अनुभव असा आहे की स्वच्छ सुया मिळाल्यानं व्यसन वाढत नाही, एचआयव्ही मात्र कमी होतो. शिवाय सुई घ्यायला आलेला माणूस निदान एका आरोग्यसेवकाला भेटतो. पहिल्या दिवशी तो फक्त सुई घेतो. काही आठवड्यांनी खोकला दाखवतो, रक्त तपासून घेतो आणि एक दिवस विचारतो, यातून सुटायला काही औषध आहे का?

औषध आहे. ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. आपल्याकडे २००७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात ब्युप्रेनॉर्फिनचा उपचार सरकारी योजनेचा भाग झाला. तो दिसायला अगदी साधा आहे. माणूस रोज केंद्रावर येतो. नर्स गोळीचा चुरा करून त्याच्या जिभेखाली ठेवते. ती विरघळेपर्यंत त्यानं तोंड मिटून समोरच्या बाकावर बसायचं. काही मिनिटांनी नर्स तोंड उघडायला सांगते, जीभ उचलून बघते, वहीत नोंद करते आणि तो कामाला जातो. त्या दिवसापुरती टर्की नाही, चोरी नाही, सुई नाही. मधुमेहाचा पेशंट रोज इन्शुलिन घेतो तेव्हा त्याला कुणी कमकुवत मनाचा म्हणत नाही. या बाकावर बसलेल्यालाही तोच न्याय हवा.

कायदाही हळूहळू सरकला. २०१४ च्या दुरुस्तीनं एनडीपीएस कायद्यात व्यसनी माणसाच्या उपचाराबरोबरच ‘व्यवस्थापना’लाही, म्हणजे ब्युप्रेनॉर्फिनसारख्या उपायांनाही, जागा दिली. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं सुई बदलून देणारा, ती घेणारा आणि हेरॉइनऐवजी ब्युप्रेनॉर्फिनसारखं पर्यायी औषध देणारा यांना गुन्हेगार मानता येणार नाही, हे उदाहरणांसह सांगितलं. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारू आणि अमली पदार्थांशी निगडित विकारांना मानसिक आजारांत धरलं. त्यामुळे सरकारी सेवेत उपचार मिळणं हा अशा माणसाचा हक्क झाला आणि त्याला साखळदंडानं बांधणं बेकायदा ठरलं.

माझ्या म्हैसूरचा एक अनुभव इथे सांगायलाच हवा. तो व्यसनाचा नाही, पण धडा तोच आहे. २००४ साली इथे देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांसोबत आरोग्याचं काम सुरू झालं आणि त्यातून त्यांचीच ‘अशोदया समिती’ उभी राहिली. विसाव्याची जागा, दवाखाना, घरोघरची भेट यांत त्याच स्त्रिया पुढे होत्या. २००४ आणि २००६ च्या पाहण्यांत त्यांच्यातलं सिफिलिसचं प्रमाण २५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आलं. ज्यांना दवाखान्यात हिडीसफिडीस केलं जात असे, त्यांच्याच हाती दवाखाना दिल्यावर आजार निम्म्यावर आला.

एवढं सगळं होऊनही हिशेब मांडला तर तूट मोठी आहे. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सनं केलेली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात सुमारे ७७ लाख लोकांना अफू, हेरॉइन आणि तत्सम पदार्थांच्या वापरामुळे मदतीची गरज आहे आणि सुमारे साडेआठ लाख लोक इंजेक्शनवाटे नशा करतात. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसला तरी उपचार मिळतो. या पोकळीत मारहाणीला उपचार म्हणणारी केंद्रंही फोफावली. दुसरीकडे, २०२० च्या टाळेबंदीत ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्या काही दिवसांपुरत्या घरी न्यायला परवानगी मिळाली. एरवी रोज हजेरीची सक्ती असलेल्यांवर तेव्हा विश्वास टाकावा लागला. तो विश्वास धोरणात कायम राहायला हवा.

व्यसन पूर्ण सोडवणारं मुक्तांगण आणि सोडण्याआधीच हात धरणारं संकल्प यांच्या वाटा वेगळ्या आहेत. आपल्याला दोन्हींची गरज आहे, कारण दोघांनीही पेशंटला आधी चांगलं होऊन ये, असं सांगितलं नाही. चार दशकांचं सार माझ्या मते एवढंच : बरा झालेला प्रत्येक माणूस त्याला न हिणवणाऱ्या कुणापासून तरी सुरुवात करून बरा झाला.

म्हणून वाचकांना विनंती. घरात, शेजारात कुणी व्यसनात असेल तर १४४४६ या निःशुल्क राष्ट्रीय मदतवाहिनीवर फोन करा. केंद्र निवडताना तीन प्रश्न जरूर विचारा : नोंदणी आहे का, डॉक्टर आहेत का, आणि पाय घसरून परत आलेल्या पेशंटला तुम्ही पुन्हा घेता का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर दुसरं केंद्र शोधा.