अलिबागचा फोटो तिथी बघून काढावा

सुट्टीत अलिबागला जाऊन आलेल्या कुठल्याही कुटुंबाचा मोबाइल बघा, मावळत्या सूर्याचे फोटो हमखास सापडतील. फोटो देखणेच असतात, पण गणपतीपुळ्याचे म्हणून दाखवले तरी कोणी हटकणार नाही. म्हणून अलिबागला कॅमेरा काढण्याआधी ओहोटीची वेळ बघावी, असं माझं म्हणणं आहे. भरतीत अलिबागच्या किनाऱ्यासमोरचा कुलाबा किल्ला बेट असतो. ओहोटीला मात्र ओल्या वाळूतून माणसं चालत, घोडागाडीतून तटापर्यंत जातात. जमिनीवरून किल्ल्यावर यायचं तर समुद्राच्या सवडीने यावं लागे, हे त्या उघड्या पडलेल्या वाटेच्या फोटोत न सांगता कळतं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कान्होजी आंग्र्यांवर चालून आले, तरी कुलाबा पडला नाही. श्रेय एकट्या समुद्राला देता येणार नाही, बाजीरावाची फौजही मदतीला आली होती. पण ती वाट पाहिल्याशिवाय तो प्रसंग नीट उमगत नाही. जवळ गेलं की तटाचे चिरे बघावेत. सांध्यांत चुना नाही. लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तडाख्याचा जोर ओसरतो. आत चाकांच्या गाड्यांवर दोन इंग्रजी तोफा आहेत, त्यांवर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव आहे. आंग्र्यांच्या किल्ल्यात विलायती तोफ, हा फोटो गणपतीपुळ्याला मिळायचा नाही.

यावर कोणी म्हणेल, फोटो म्हणजे काय इतिहासाचा धडा? आणि ओहोटीच्या मागे लागून संध्याकाळचा प्रकाश का घालवायचा? पहिली शंका रास्त आहे, नुसत्या सौंदर्यासाठी फोटो जरूर काढावा. दुसरीचं उत्तर घरातल्या कॅलेंडरवर आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास या किनाऱ्यावर भरती दुपारच्या आसपास येते, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळी, नेमकी कोवळ्या उन्हात. शिवाय तेव्हा उधाण असल्याने पाणी लांबवर मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. ओहोटी भर दुपारी आणि तीही अर्धवट. किल्ला किनाऱ्याच्या पश्चिमेला असल्याने संध्याकाळी त्याची नुसती काळी आकृती उरते. सकाळचं ऊन मात्र थेट तटावर पडतं, म्हणून पौर्णिमेनंतरची सकाळ मला सगळ्यांत सोयीची वाटते. ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते, तेव्हा नेमकी वेळ स्थानिक कोळ्यांना विचारावी आणि पाणी चढायला लागायच्या आत परतावं.