पाण्याच्या नळीने वायूचा दाब मोजूया : मॅनोमीटर

गवंडी काम करत असतील तिथे मुलांना एकदा जरूर उभं करा. लांब पारदर्शक पाईपमध्ये पाणी भरून ते समोरासमोरच्या भिंतींवर एकाच उंचीच्या खुणा करतात. दोन्ही टोकांवर हवेचा दाब सारखा, म्हणून पाण्याची पातळीही सारखी. हा पाईप म्हणजे दोन्ही तोंडं उघडी असलेला मॅनोमीटरच!

आता हीच नळी इंग्रजी 'यू'सारखी वाकवून उभी धरा आणि एका तोंडाला फुगवलेला फुगा जोडा. फुग्यातली हवा त्या बाजूचं पाणी खाली ढकलते, दुसऱ्या बाजूचं वर चढतं. एका टप्प्यावर पाणी थांबतं. तिथे फुग्यातल्या हवेचा दाब = बाहेरच्या हवेचा दाब + चढलेल्या पाण्याच्या स्तंभाचा दाब. स्तंभाचा दाब काढायचं सूत्र मुलांना पाठ असतंच: उंची × घनता × गुरुत्वत्वरण.

पण उंची कुठली? इथेच बहुतेक मुलं चुकतात. पाणी एका बाजूला १० सेंमी चढलं की ती १० लिहून मोकळी होतात. अरे, दुसऱ्या बाजूला ते १० सेंमी उतरलंय ना! दोन पातळ्यांमधला फरक २० सेंमी. म्हणजे ०.२ × १००० × ९.८ = १९६० पास्कल. हा झाला बाहेरच्या हवेपेक्षा *जास्तीचा* दाब. एकूण दाब हवा असेल तर त्यात त्या गावचा हवेचा दाब मिळवायचा. पुस्तकात पाऱ्याचे ७६ सेंमी दिलेले असतात ते समुद्रसपाटीचे. पुण्यात साधारण ७१ च भरतात.

"नळी जाड घेतली तर?" हा प्रश्न एखादं मूल विचारतंच, आणि विचारायलाच हवा. दुप्पट क्षेत्रफळाच्या नळीत पाण्याचं वजन दुप्पट, पण ते दुप्पट जागेवर पेललेलं. दाब तोच. (अगदी बारीक नळी मात्र नको, पाणी काचेला चिकटून वर चढतं.)

पाणी घ्यायचं की पारा, हे दाब किती आहे त्यावर ठरतं. घरगुती गॅसच्या रेग्युलेटरमधून शेगडीकडे येणारा दाब दर चौरस सेंटिमीटरला ३० ग्रॅम, म्हणजे पाण्याचे ३० सेंमी. तो पाऱ्यात मोजला तर जेमतेम २.२ सेंमी, वाचताना डोळे बारीक करावे लागतील. उलट कुकरच्या शिट्टीजवळचा दाब पाण्याने मोजायचा तर सुमारे १० मीटरची, तीन मजली नळी लागेल! डॉक्टर रक्तदाब १२० सांगतात ते पाऱ्याचे मिलिमीटर. पाणी वापरलं असतं तर १६३ सेंमी उंचीचं यंत्र टेबलावर कसं मावलं असतं?

वर्गात पारा मुळीच नको, त्याची वाफ विषारी असते. गॅसच्या नळीलाही हात लावायचा नाही. दोनेक मीटर पारदर्शक नळी, पुठ्ठा, मोजपट्टी आणि कुंकू किंवा शाई घातलेलं पाणी एवढं पुरतं. पाण्यात बुडबुडा अडकला तर वाचन चुकतं, तेव्हा नळीवर टिचक्या मारून तो आधी काढा. आणि फुंकायला सांगाल तेव्हा हळूच! नाहीतर रंगीत पाणी समोरच्याच्या गणवेशावर.