लहान वेल्डिंग, मोठा घात: तडे शोधणारा उष्णता-कॅमेरा

२७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात नॉर्वेचा ‘अलेक्झांडर किलँड’ हा तरंगता पोलादी मंच उलटला. १२३ कामगार दगावले. चौकशीत मूळ सापडले एका उपकरणाच्या आधाराच्या निकृष्ट वेल्डिंगमध्ये. तेथून निघालेला तडा लाटांच्या माराने वाढत गेला आणि मंचाच्या पाच पायांपैकी एक निखळला.

असे तडे डोळ्यांना उशिरा दिसतात. येथे उष्णता टिपणारा कॅमेरा उपयोगी पडतो. पोलाद ताणले की किंचित थंड होते, दाबले की किंचित तापते. तड्याच्या टोकाशी ताण एकवटतो, म्हणून तेथे हा फरक अधिक असतो. तो अंशाच्या काही शतांशांइतकाच असला तरी कॅमेरा टिपतो. जपानमधील कोबे विद्यापीठाच्या संशोधकांनी पोलादी पुलांवर हे तंत्र वापरले आहे. वाहतूक थांबवावी लागत नाही. धावत्या ट्रकचा भारच तपासणीला पुरतो.

छोट्या कारखानदाराला हा कॅमेरा महाग पडेल. मात्र लाल रंग आणि पांढरे डेव्हलपर वापरून होणारी डाय पेनिट्रंट चाचणी पृष्ठभागावरचा तडा कमी खर्चात दाखवते. शेड किंवा क्रेनचे काम घेणाऱ्या कारागीर बंधूंनी एवढे ध्यानात ठेवावे: भार पेलणाऱ्या भागावर लावलेला लहान तुकडाही मुख्य जोडाइतक्याच काळजीने वेल्ड करावा.