गाव आणि गाडीतळ : संवादाची गरज

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, केज, धारूर या तालुक्यांतील वाड्या-वस्त्या ओस पडू लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. या हिशेबाने मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांत आणि शेजारच्या कर्नाटकातही ऊसतोडीसाठी जातात. पुढील चार-पाच महिने गावाबाहेरचा गाडीतळ हेच त्यांचे गाव आणि कोपी हेच घर.

वास्तविक दोन्ही बाजू परस्परांवर अवलंबून आहेत. तोडणी वेळेवर झाली नाही तर शेतकऱ्याचा ऊस वाळतो. तोडणीनंतरचे वाढे गावातील दुभत्या जनावरांच्या दावणीत पडते व त्याचे पैसे मजुराच्या हाती येतात. तरीही मनातील अंतर कायम राहते. मजूर ‘खुशाली’साठी अडवणूक करतात, बैल उभ्या पिकात शिरतात, अशी ग्रामस्थांची तक्रार असते. विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, गावात चोरी झाली की पहिला संशय आपल्यावर येतो, ही मजुरांची व्यथा असते. दोन्ही गाऱ्हाणी ज्याच्या त्याच्या वस्तीतच बोलली जातात; समोरासमोर क्वचितच येतात.

याचे एक कारण व्यवस्थेतच आहे. गावच्या मतदार यादीत नाव असलेल्या व्यक्तीच ग्रामसभेच्या सदस्य असतात. मजुराचे नाव त्याच्या मूळ गावच्या यादीत असते आणि हंगामात तो तेथे नसतो. परिणामी वर्षातील कित्येक महिने त्याला कोणत्याच गावात आपले म्हणणे मांडण्याची जागा उरत नाही. ही जागा निर्माण करणे कोणत्याही ग्रामपंचायतीला शक्य आहे. त्यासाठी निधीपेक्षा पुढाकार अधिक लागतो.

तंटा उद्भवण्यापूर्वी, हंगामाच्या प्रारंभीच पहिली बैठक व्हावी. ती पंचायतीच्या कचेरीऐवजी गाडीतळावर घेणे इष्ट. पाहुण्याने यजमानाच्या दारी जावे हा रिवाज असला तरी येथे यजमानानेच प्रथम पाऊल उचलावे. तोड पहाटे सुरू होते आणि वाहने भरण्याचे काम रात्रीही चालते. म्हणून वेळ मजुरांना विचारून ठरवावी. केवळ मुकादमाचे म्हणणे ऐकून बैठक आटोपू नये. आशा कार्यकर्ती अथवा अंगणवाडी सेविकेने स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलावे. पाणी, आडोसा आणि बाळंतपण यांविषयी त्या पुरुषांसमोर मोकळेपणाने बोलतीलच असे नाही.

चर्चा सद्भावनेच्या भाषणांत अडकू नये. पाणी कोणत्या वेळी व कोठून भरावयाचे, बैल कोठे बांधावयाचे, पिकाचे नुकसान झाल्यास कोणाकडे जावयाचे, हे प्रश्न प्रथम घ्यावेत. ठरलेली गोष्ट नोंदवहीत लिहून दोन्ही बाजूंना वाचून दाखवावी आणि पंधरा दिवसांनी तिचा आढावा घ्यावा.

शिक्षकांचे स्थान येथे विशेष महत्त्वाचे आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. दाखला मिळण्यास विलंब झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. ही माहिती कोपीपर्यंत पोहोचली नाही, तर मुलगी धाकट्या भावाला सांभाळत फडाच्या बांधावर बसून राहते आणि तिचे वर्ष वाया जाते. शाळेत एका बाकावर बसलेली मुले पुढे घराघरांतील संशयही कमी करतात.

संवादाने सर्व प्रश्न सुटतील असे नव्हे. उचलीचा बोजा, मजुरीचे दर, अपघाताची भरपाई हे विषय कारखाना, मुकादम आणि शासन यांच्या पातळीवरचे आहेत. परंतु हंड्यावरून होणारे भांडण, संशयावरून होणारी मारहाण आणि मुलांची बुडणारी शाळा रोखणे गावाच्या हाती आहे.

गावचा ऊस ज्यांच्या हातांनी कारखान्यापर्यंत पोहोचतो, त्यांची नावे तरी गावाला ठाऊक असावीत. परस्परविश्वासाचा आरंभ तेथूनच होईल.