टिळकांचा ‘देवाचा दरबार’

कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या हाती बायबलचा नवा करार आला तो रेल्वेच्या डब्यात, एका गोऱ्या सहप्रवाशाकडून. त्यातल्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना खिळवून ठेवले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाई दूर राहिल्या, पुढे टिळकांजवळ नगरला आल्या आणि १९०० मध्ये स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. ती वाट त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात वाचावी; श्रद्धा लादता येत नाही, हे इतक्या प्रांजळपणे मराठीत क्वचितच कोणी सांगितले असेल.

तारण कर्माने कमवायचे नसते, ते देवाच्या कृपेने मिळते, ही नव्या करारातील प्रेषित पौलाची शिकवण. संतांचे अभंग ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला कृपेची ओढ नवी नव्हती. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक मानत. म्हणून सुवार्ता सांगायला त्यांनी कीर्तन, अभंग आणि भजन निवडले. त्यांची पदे मराठी चर्चमध्ये आजही गायिली जातात.

१९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. त्या काळी हे मोठे धाडस होते. दोनच वर्षांत टिळक गेले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.