डोकेदुखीवर विजेचा पट्टा : खरे किती, बाजार किती?

कपाळावर टिकलीच्या जागी लहानसे यंत्र चिकटवून एक बाई डोळे मिटून बसते आणि वीस मिनिटांत तिची डोकेदुखी पळते, अशा जाहिराती हल्ली मोबाइलवर दिसतात. हे खरे आहे का, घ्यावे का, असे मोर्शीच्या वस्तीतल्या मायबहिणी आम्हाला विचारतात. त्यांत संत्र्याच्या बगिच्यात मजुरीला जाणाऱ्या जास्त. डोक्यावर ऊन, पोटात फक्त सकाळचा चहा, अर्धे डोके ठणकते. पण घरी बसले तर रोजी बुडते.

आधी उत्तर देतो : यंत्र खोटे नाही, पण ते सगळ्या डोकेदुखीचे औषधही नाही.

डोक्याला हत्यार न लावता आतल्या दुखण्यापर्यंत पोहोचायचे कसे, हा प्रश्न जुना आहे. विनयपिटकाच्या महावग्गात जीवक वैद्याची कथा आपण विहारात ऐकतो. साकेतच्या एका श्रेष्ठीच्या पत्नीचे डोके सात वर्षे दुखत होते. जीवकाने औषधी तूप नाकावाटे दिले आणि ती बरी झाली. राजगृहाच्या श्रेष्ठीवर मात्र त्याने डोके उघडून शस्त्रक्रिया केली. दोन रुग्ण, दोन वेगळे उपचार. अंगारा-धुपारा कुठेच नाही. तिकडे रोममध्ये पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस नावाच्या वैद्याने डोकेदुखीवर विजेचा झटका देणारा जिवंत मासा कपाळावर ठेवायला सांगितले होते!

आजच्या यंत्रात मासा नाही, बॅटरी आहे. अर्धशिशीत, म्हणजे मायग्रेनमध्ये, चेहऱ्याची आणि कपाळाची संवेदना मेंदूकडे नेणारी नस चेतलेली असते. तिची एक फांदी भुवईच्या वर कातडीखालून जाते. यंत्र त्या जागी अगदी सौम्य वीज सोडते. कपाळाला मुंग्या येतात, आणि रोज वापरले तर दुखण्याचा निरोप नेणारी ही वाट हळूहळू शांत होते, असे डॉक्टर मानतात. ‘सेफाली’ नावाच्या अशा यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली परवानगी दिली. बेल्जियममध्ये ६७ रुग्णांवर त्याची चाचणी झाली होती. काहींना खरे यंत्र दिले, काहींना नुसते दिसायला तसे. रोज वीस मिनिटे, तीन महिने. खऱ्या यंत्राच्या गटात शंभरातल्या सुमारे ३८ जणांचे दुखण्याचे दिवस निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले. खोट्या यंत्राच्या गटात सुमारे १२ जणांचे. म्हणजे गुण आहे, पण निम्म्याहून जास्त लोकांना तेवढा फायदा झाला नाही. जाहिरात हे दुसरे वाक्य गाळते.

दुसरे यंत्र ‘नेरिव्हिओ’. ते डोक्याला नाही, दंडाला बांधतात आणि मोबाइलवरून चालवतात. डॉ. रेड्डीज कंपनीने ते भारतात आणले आहे. दंडावरच्या संवेदनेमुळे मेंदू स्वतःची वेदना दाबणारी यंत्रणा जागी करतो, असा त्यामागचा विचार. तिसरा प्रकार थेट कवटीवरून मेंदूला एक-दोन मिलिअँपिअर वीज देण्याचा. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये मानसिक आजारांसाठी त्यावर संशोधन झाले आहे. अर्धशिशीसाठी अजून पक्का पुरावा नाही.

‘मेंदूला शॉक’ म्हणून घाबरू नका. मनोरुग्णालयात भूल देऊन करतात तो उपचार वेगळा. पण घाबरू नका म्हणजे घरी प्रयोग करा असेही नाही. कंबर-गुडघ्याला लावायची करंटची मशीन कानशिलाला किंवा मानेला मुळीच लावू नका. छातीत पेसमेकर, डोक्यात धातूची पट्टी किंवा फिट येण्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काहीच नाही. गरोदर बाईनेही आधी विचारावे.

आता पैशाचे. ही यंत्रे एक-दोन दिवसांच्या मजुरीत येत नाहीत, म्हणून कर्ज काढून घेऊ नका, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन ही अर्धशिशी टाळणारी औषधे जुनी आणि स्वस्त आहेत. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावीत. दमेकऱ्याला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. आणि किराणा दुकानातून रोज एक गोळी आणायची सवय? महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामक गोळी घेतली, तर त्या गोळीनेच डोके दुखू लागते. आमच्या मते वस्तीत हा त्रास यंत्रापेक्षा मोठा आहे, आणि त्याची जाहिरात कुणी करत नाही.

मोर्शीच्या उपजिल्हा रुग्णालयात जाताना भिंतीवरचे कॅलेंडर सोबत न्या. डोके दुखले त्या तारखेला फुली, गोळी घेतली तर गोल. पाळी, उपाशीपण, जागरण यांची खूण वेगळी. दोन महिन्यांच्या अशा खुणांवरून डॉक्टरांना बरेच कळते. गरज पडली तर अमरावती किंवा नागपूरच्या मेंदूविकार तज्ज्ञाकडे चिठ्ठी मागा. यंत्राचा विषय तिथे काढा.

मात्र डोके अचानक फुटल्यासारखे दुखले, तापासोबत मान ताठ झाली, हात-पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, मार लागल्यावर उलट्या झाल्या किंवा गरोदरपणात डोके दुखून अंधारी आली, तर कॅलेंडर, पट्टा, गोळी सगळे बाजूला ठेवून १०८ ला फोन करा.