पन्नासपैकी किती? चवीला गुण देण्याविषयी

आजच्या विषयाचं नाव वाचून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. नालासोपाऱ्यात व्याख्यान, वक्ता तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक, आणि विषय काय, तर बेल्जियन बिअरची चव! (हशा) आम्ही पिण्याचा प्रचार करायला आलेलो नाही. आमचा प्रश्न गुण देण्याचा आहे. एखादी चव 'मला आवडली' असं म्हणणं आणि ती 'चांगली आहे' असं म्हणणं, या दोन वाक्यांत काही फरक आहे की नाही? आणि असेल, तर चवीला पन्नासपैकी बेचाळीस गुण देणारा माणूस नेमकं काय सांगत असतो?

हा उद्योग आपल्या किनाऱ्याला नवा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं पुस्तक आहे. त्यात बंदरांच्या यादीत आपलं सोपारा 'सुप्पारा' म्हणून येतं. त्याच पुस्तकात वर भडोचला उतरणाऱ्या मालाची नोंद आहे, आणि त्या मालात दारू आहे. ती सुद्धा नुसती दारू नाही. इटलीची विशेष, शिवाय लाओदिकेआची आणि अरबस्तानची. त्या 'विशेष'मध्ये गुणांकन आलंच की! आकडा नाही, पण क्रम आहे.

आता बिअरकडे येऊ. 'बेल्जियन गोल्डन स्ट्राँग एल' हा एक प्रकार. त्याचा मूळ नमुना म्हणजे 'डुव्हेल', ब्रेनडोंक गावच्या मोर्टगाट कुटुंबाची बिअर. पहिल्या महायुद्धानंतर तिचं नाव 'व्हिक्टरी एल' होतं. 1923 साली तिची चव घेऊन कुणीतरी म्हणालं, ही तर खरी सैतान आहे, आणि तेच नाव पडलं, अशी आख्यायिका सांगतात. डुव्हेल म्हणजे सैतान. तेव्हा ती गडद रंगाची होती. आज दिसते ती सोनेरी बिअर 1970 पासूनची. फिक्या, हलक्या लागर बिअरने बाजार काबीज केला होता, तेव्हा त्यांनी दिसायला तशीच फिकी पण आतून पूर्ण वेगळी बिअर काढली. पुढे इतरांनीही आपापल्या बाटल्यांवर ल्युसिफर, सेटन अशी नावं घातली. सैतानाचा एवढा गोतावळा दुसऱ्या कुठल्या पेयाला लाभलेला आम्हाला माहीत नाही.

ही आतून वेगळी कशी, ते समजून घ्या, कारण गुण त्यावरच आहेत. बार्लीच्या फिक्या माल्टबरोबर तिच्यात साधी साखर घालतात. आपल्याला वाटेल, साखर घातली म्हणजे गोड होणार. उलट होतं. यीस्ट साखर जवळजवळ सगळी खाऊन टाकतं, तिचा अल्कोहोल होतो, आणि अंगात गोडवा न उरता बिअर कोरडी, हलकी लागते. यीस्ट आणखी एक काम करतं. ते वास तयार करतं: नासपती, सफरचंद, संत्र्याची साल, आणि मागून मिरीचा किंवा लवंगेचा झणका. यातलं काहीही कुणी वरून टाकलेलं नसतं. बाटलीत पुन्हा आंबवण होते, म्हणून बुडबुडे जास्त आणि फेस दाट, पांढरा, रेंगाळणारा.

चव घ्यायची रीत साधी आहे. फ्रीजमधून काढल्या काढल्या प्यायची नाही. गारठ्यात वास बधिर होतो. पोट फुगलेला, तोंड जरा आवळलेला ग्लास घ्यायचा, अर्धा भरायचा, आणि आधी नाक. वास उडून जातो, म्हणून तो पहिला. मग रंग आणि फेस बघायचा. मग घोट, आणि घोट गिळल्यावर थांबायचं, कारण कडवटपणा उशिरा येतो. आपल्या हवेत एक गोष्ट मुद्दाम तपासावी. गरम गोदामात पडलेली बाटली ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. ती चूक बनवणाऱ्याची नसेल, पण ग्लासात जे आहे त्यालाच गुण मिळतात.

परीक्षकांची एक प्रसिद्ध गुणपत्रिका अमेरिकेतल्या 'बीजेसीपी' या संस्थेची आहे. वासाला 12, दिसण्याला 3, चवीला 20, तोंडात जाणवणाऱ्या पोताला 5, एकूण परिणामाला 10. बेरीज 50. दिसण्याला फक्त तीन! आपल्या मंगल कार्यालयांतल्या जेवणाला हीच पत्रिका लावली तर बरेच केटरर नापास होतील. पण खरी मेख वेगळी आहे. ही बिअर लागर म्हणून स्पर्धेत ठेवली, तर लवंगेचा वास हा दोष ठरेल. गोल्डन स्ट्राँग एल म्हणून ठेवली, तर तोच वास गुण. म्हणजे 42 हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. 'कशाची म्हणून?' या प्रश्नाचं उत्तर आधी लागतं.

इथे कांटची आठवण होणं अपरिहार्य आहे. 1790च्या ग्रंथात तो म्हणतो की कॅनरी बेटांची वाइन सुखद आहे असं कुणी म्हणालं, तर त्याने 'मला सुखद आहे' अशी दुरुस्ती निमूटपणे मान्य करावी. जिभेच्या सुखाबद्दल वाद नको. आम्हाला हे पटत नाही. आमचा कल ह्यूमकडे आहे. 1757च्या निबंधात तो 'डॉन किहोटे'मधली गोष्ट सांगतो. पिंपातली दारू चाखून एक जण म्हणाला, उत्तम आहे, पण चामड्याची जरा चव आहे. दुसरा म्हणाला, लोखंडाची आहे. लोक दोघांना हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली सापडली! आवड खाजगी असेल, पण किल्ली खाजगी नव्हती. भरतानेही नाट्यशास्त्रात रस समजावताना जेवणाराचंच उदाहरण घेतलं. निरनिराळ्या व्यंजनांनी सिद्ध केलेलं अन्न प्रसन्न मनाचा माणूस आस्वादतो, तसा प्रेक्षक. चव ही त्याला उदाहरणादाखल वापरण्याइतकी भरवशाची वाटली, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

एका ठिकाणी मात्र ही गुणपत्रिका आम्हाला अडचणीत टाकते. या प्रकारात अल्कोहोल जितका लपलेला, तितके गुण जास्त. घशात जाळ झाला की गुण गेले. आता हिशोब करा. डुव्हेलमध्ये अल्कोहोल 8.5 टक्के. 330 मिलिलिटरच्या लहान बाटलीत शुद्ध अल्कोहोल झाला सुमारे 28 मिलिलिटर. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीच्या 60 मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्ये असतो सुमारे 26. म्हणजे एक सोनेरी, हलकी, फेसाळ बाटली ही एका लार्ज पेगपेक्षा थोडी जास्तच. आणि दोन बाटल्या? आपल्याकडे 'स्ट्राँग' हा शब्द बाटलीवर मोठ्या अक्षरांत असतो, आणि पुष्कळदा तोच एक गुण म्हणून विकला जातो, चवीचं काही का होईना. बेल्जियन माणूस ताकद लपवतो आणि चव पुढे करतो. कलाकृती म्हणून दुसरी श्रेष्ठ, यात शंका नाही. पण पिणाऱ्याला सावध करण्याचं काम चवीने सोडून दिलेलं असतं, आणि ते 50 गुणांच्या पत्रिकेत कुठल्याच रकान्यात बसत नाही. ते काम लेबलवरच्या बारीक आकड्याकडे जातं. म्हणून आमचं म्हणणं आहे की चाखणाऱ्याने तो आकडा वासाच्याही आधी वाचावा.

आता आपल्या अंगणातलं उदाहरण. वसई तालुक्यात ताडी आहे, आणि वसईच्या ख्रिस्ती घरांत ती पिठं आंबवायलाही वापरत आले. पहाटे उतरवलेला ताडाचा रस गोड असतो. मडक्याला आतून चुना लावला तर तो नीरा म्हणून गोडच राहतो. नाही लावला, तर हवेतलं यीस्ट आणि जिवाणू कामाला लागतात, दुपारपर्यंत ती आंबट आणि चढणारी होते, आणि पुढे चक्क शिरका. बिअर महिनोन्‌महिने तशीच राहते म्हणून तिला एक आकडा देता येतो. ताडीला तो कुठल्या वेळचा द्यायचा? तिची पत्रिका करायची तर पहिला रकाना उतरवल्यापासूनच्या तासांचा लागेल, दुसरा झाडाचा, ताड की शिंदी, आणि तिसरा मडक्याचा. शब्द नाहीत असं नाही. ताडी उतरवणाऱ्याला विचारलं तर सकाळच्या आणि दुपारच्या मडक्यातला फरक तो डोळे मिटून सांगेल. त्याचे शब्द अजून कुणी रकान्यांत मांडलेले आमच्या पाहण्यात नाहीत. श्रोत्यांमध्ये कुणाच्या घरी ते बोलले जात असतील, तर प्रश्नोत्तरांची सुरुवात तिथूनच करू.